भरून घेतलेलं बरं

मोबाइलमध्ये सिनेमे उतरवून घेणाऱ्या माणसाला ते बघायचे असतात, हा एक मोठा गैरसमज आहे. त्याला ते गाठीला असावेत असं वाटतं, एवढंच. उद्या पाणी येणार नाही अशी सूचना सोसायटीच्या फळ्यावर लागली की आपण बादल्या, पातेली, कुकर, कळशी, झालंच तर चहाची किटलीसुद्धा भरून ठेवतो. दुसऱ्या दिवशी पाणी नेहमीच्या वेळेला येतं आणि भरलेलं सगळं शिळं झालं म्हणून आपण मोरीत ओततो. सिनेमांचंही हेच होतं. फक्त ते ओतायला मोरी लागत नाही, ते ठरलेल्या मुदतीत आपोआप आटतात.

माझा मेव्हणा या विषयातला अधिकारी पुरुष आहे. डोंबिवलीला राहतो, बँकेत आहे आणि दरवर्षी गणपतीला राजापूरजवळच्या गावी जातो. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी सुरू व्हायचं, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते ६० दिवसांवर आलं. पण गणपतीच्या गाड्या भरायला दोन्ही वेळेला लागतात मिनिटंच. त्यामुळे मेव्हण्याचं तिकीट बहुधा वेटिंगला असतं. गाडीत काय बघायचं, ते मात्र महिनाभर आधी कन्फर्म झालेलं असतं.

यंदा त्याने तीन सिनेमे, हिंदीत बोलणारी एक कोरियन मालिका, परदेशी आचाऱ्यांची एक स्पर्धा आणि दुसऱ्या महायुद्धावरचा लांबलचक माहितीपट एवढा ऐवज घेतला होता. सगळा मिळून चाळीसेक तासांचा. मांडवी एक्स्प्रेसने राजापूर रोडला पोचायला पावसाळी वेळापत्रक धरूनसुद्धा आठ-नऊ तास.

"अहो, आपण राजापूरला चाललोय की रशियाला?" बहिणीने विचारलं.

"गाडी लेट झाली तर?"

"एकतीस तास?"

"मागे दरड कोसळली होती तेव्हा काय झालं होतं, आठव."

तेव्हा काय झालं होतं ते तिला चांगलं आठवत होतं. गाडी थांबली होती, डब्यातल्या बायकांनी आपापले डबे उघडले होते आणि मेव्हण्याने दुसऱ्याची घावन-चटणी खाऊन, तिसऱ्याच्या बर्थवर, ताणून दिली होती. फोन खिशात होता.

हे वेड नव्या अ‍ॅपांनी आणलं असं कुणी समजू नये. त्यांच्या आधी तालुक्याच्या प्रत्येक एसटी स्टँडसमोर एक मोबाइलचं दुकान असे आणि त्याच्या काचेवर 'गाणी, सिनेमे भरून मिळतील' असा कागद चिकटवलेला असे. आपण मेमरी कार्ड काढून द्यायचं. पोरगा ते नखाएवढं कार्ड एका जळमटलेल्या कॉम्प्युटरला खुपसायचा आणि वर न बघता विचारायचा, "काय भरू?" गिऱ्हाईक म्हणायचं, "नवीन काय ते भर." मग त्यात नवीन सिनेमे, जुन्या लावण्या, कुणाच्या तरी लग्नाची वरात, भक्तिगीतं आणि 'हसून हसून पोट दुखेल' नावाची एक फाइल असं सगळं पन्नासेक रुपयांत यायचं. ही उघड चोरी होती, पण देवाचीही गाणी त्यात असल्यामुळे कुणाला तसं वाटत नसे. त्यातलं कोण किती बघायचं? एक गाणं लागायचं, तेच रिंगटोन म्हणून ठेवलं जायचं आणि कार्ड पुन्हा भरायची वेळ येईपर्यंत बाकीचं तसंच पडून राहायचं.

मोठ्या कंपन्यांना आपली ही नड जरा उशिरा कळली. यूट्यूबने २०१४ च्या डिसेंबरात भारतात व्हिडिओ उतरवून घ्यायची सोय दिली, तीही ४८ तासांच्या बोलीवर. नेटफ्लिक्स २०१६ च्या जानेवारीत इथे आलं ते हात हलवतच. बघायचं तर इंटरनेट चालू ठेवून बघा, असा खाक्या. त्याच्या वर्षभर आधी त्यांचा एक अधिकारी, डाउनलोड वगैरे आमच्याकडे कधीच होणार नाही, असं छातीठोक सांगून मोकळा झाला होता. मग २०१६ च्या ३० नोव्हेंबरला त्यांनी ती सोय दिलीच. गंमत अशी, की त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं होतं आणि ज्याला त्याला फुकट डेटा मिळत होता. म्हणजे साठवायची गरज कमी व्हायला आणि साठवायची सोय व्हायला एकच गाठ पडली. आपण अर्थातच सोय घेतली. गरजेचा काय संबंध?

त्यानंतर या मंडळींनी आपल्या स्वभावाचा अभ्यास केला असावा, पण अर्धाच. २०१८ मध्ये नेटफ्लिक्सने एक युक्ती काढली. मालिकेचा एक भाग बघून झाला की फोन तो पुसतो आणि वाय-फाय मिळताच पुढचा भाग आपणहून आणून ठेवतो. मेव्हण्याच्या फोनवर ही सोय पहिल्या दिवसापासून चालू आहे. तिला काम मात्र मिळालेलं नाही, कारण त्यासाठी पहिला भाग बघून संपावा लागतो. २०२१ मध्ये तर आपल्या आवडीचं काय ते अ‍ॅपनेच ठरवायचं आणि अ‍ॅपनेच उतरवून ठेवायचं, असाही बेत निघाला. आता ते अ‍ॅपनेच बघूनही टाकायचं, एवढी एक सोय केली की माणूस सुटला.

उतरवायचं म्हणजे आधी डेटा पाहिजे. आमच्याकडे बहुतेकांच्या फोनला रोजचा दीड किंवा दोन जीबी असतो आणि रात्री बाराला त्याची गणती नव्याने सुरू होते. शिल्लक राहिलेला उद्याच्या खात्यात जात नाही. हा नियम ज्याने केला त्याला मराठी मध्यमवर्गाची नस सापडली होती. रात्री साडेअकराला घरात सामसूम होते, दिवे मालवले जातात आणि मग अंधारातून आवाज येतो.

"तुझा किती राहिलाय?"

"आठशे एमबी."

"वाया जाईल. काहीतरी लाव."

"काय लावू?"

"काहीही लाव. मोठं असेल ते."

महायुद्धाचा माहितीपट फोनमध्ये आला तो असा. स्टालिनग्राडबद्दल कुणाला काही वाटत होतं म्हणून नव्हे.

दुसरा मार्ग ऑफिसच्या वाय-फायचा. गणपतीच्या आदल्या शुक्रवारी कोणत्याही ऑफिसात संध्याकाळी सहानंतर जावं. एरवी पावणेसहाला ज्यांच्या खांद्याला पिशव्या लागतात, ती माणसं शांतपणे खुर्चीला खिळून असतात. फोन चार्जरला, चार्जर भिंतीला, नजर स्क्रीनवरच्या त्या निळ्या रेघेला. साहेब केबिनमधून बाहेर येऊन कौतुकाने म्हणतात, "सुट्टीच्या आधी पेंडिंग काढताय? छान." सगळे नम्रपणे मान डोलावतात. तेवढ्यात साहेबच विचारतात, "आज नेट एवढं स्लो का हो? माझं पण अडकलंय." साहेबांचं काय अडकलंय हे विचारायची पद्धत नाही.

डेटा मिळाला की प्रश्न जागेचा. ६४ जीबीचा फोन म्हणून विकत घेतलेल्या वस्तूतली बरीच जागा फोनच स्वतःकडे ठेवून घेतो, उरलेली व्हॉट्सअ‍ॅप खातं. शुभ सकाळच्या चित्रांनी आपल्याकडचे फोन तुंबतात हे गूगलच्याही ध्यानात आलं होतं. २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी फोनमधला गाळ उपसणारं फाइल्स गो हे अ‍ॅप काढलं, ते आपल्यासारख्या गिऱ्हाइकांवर नजर ठेवूनच. पण गाळ कुठला आणि ठेवा कुठला हे अ‍ॅपने कसं ठरवावं? 'जागा अपुरी आहे' असं झळकल्यावर मेव्हणा काहीतरी काढायला बसतो आणि घरचे भोवती जमतात. हा फोटो नको काढू, यात काकांचा अर्धा हात आहे. हा व्हिडिओ राहू दे, त्यात काही दिसत नाही पण आवाज मुंजीचा आहे. सूर्योदयावर कमळ आणि कमळावर सुविचार अशी शेकडो चित्रं निघाली, ती तरी काढू म्हटलं तर आत्या म्हणाल्या, "गुरुवारची राहू देत. त्यात दत्त आहेत."

या आत्या म्हणजे मेव्हण्याच्या. वय पंचाहत्तर, दृष्टी उत्तम, मालिकांचा व्यासंग दांडगा. गावी रेंज नसते म्हणून रोजच्या मालिकेचे भाग आपल्यालाही पाहिजेत, असं त्यांनी सांगितलं. मेव्हण्याने ते आपल्या फोनवर भरले.

"आता माझ्या फोनवर टाक. ते ब्लूटूथ का काय असतं त्याने."

"आत्या, हे जात नाही तसं."

"जात नाही म्हणजे? तुझ्याकडे आलंय ना?"

"आलंय."

"पैसे भरलेस ना?"

"भरले."

"मग?"

या 'मग?'ला उत्तर देणं अवघड आहे. उतरवलेला भाग फोनमध्ये असतो, जागा खातो, पण गॅलरीत दिसत नाही. तो कुलूपबंद असतो, आणि ते उघडून दाखवायचा परवाना वेगळा येतो. हा परवाना त्याच अ‍ॅपला, त्याच फोनवर, ठरलेल्या मुदतीपुरता. अँड्रॉइड फोनवर हा पहारा गूगलच्या वाइडवाइनचा, आयफोनवर अ‍ॅपलच्या फेअरप्लेचा. पडद्याचा फोटो काढायला जावं तर बहुतेक वेळा नुसता काळा चौकोन मिळतो. माझ्याच घरात, माझ्याच खिशात, माझ्याच पैशांनी आणलेली वस्तू माझी नाही, हे मेव्हण्याने आत्यांना बराच वेळ समजावलं. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुला जमत नाही तर सरळ सांग. स्टँडवरचा तो मुलगा करून देईल."

खरी मेख या मुदतीत आहे. अ‍ॅपागणिक नियम वेगळे, सिनेमागणिकही वेगळे, पण एक प्रकार बऱ्याच ठिकाणी दिसतो. उतरवलेला सिनेमा ३० दिवसांत सुरू करायचा, आणि एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवायचा. कागदावर हे अगदी माणुसकीचं वाटतं. दोन दिवसांत दोन तासांचा सिनेमा कुणाला बघून होणार नाही? पण ज्यांनी हा नियम केला त्यांनी कोकणात गणपतीला जाणारा माणूस बघितलेला नाही. हा माणूस काय करतो? निघायच्या आदल्या रात्री बॅगा भरून झाल्या, गॅस बंद केला, मेन स्विचचं काय करायचं यावर वाद झाला, की तो अंथरुणावर पडतो आणि सगळं नीट आलंय ना याची खातरजमा करतो. प्रत्येक सिनेमा दहा-वीस सेकंद लावून बघतो. आवाज येतोय, चित्र हलतंय, पुढचा. हाही ठीक. पुढचा. समाधानाने त्याला झोप लागते आणि इकडे सगळ्यांची घड्याळं एकदम चालू झालेली असतात. पुढचे दोन दिवस गाडी, मखर, आरती, मोदक, शेजारच्यांची आरती, पलीकडच्या वाडीची आरती. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण अंगावर आल्यावर तो लोडावर रेलून फोन उघडतो, तेव्हा प्रत्येक सिनेमाखाली 'मुदत संपली' असं लिहिलेलं. पुन्हा परवाना मिळवायला इंटरनेट पाहिजे. ते असतं तर उतरवलं कशाला असतं? मेव्हण्याने हाच प्रश्न अ‍ॅपच्या मदत केंद्राला विचारायचं ठरवलं. मदत केंद्र ऑनलाइन होतं.

मधला प्रवास राहिला. कोकण रेल्वेवर ९१ बोगदे आहेत आणि उक्षी आणि भोके या स्टेशनांच्या मधला करबुडेचा बोगदा त्यांत सगळ्यात लांब, साडेसहा किलोमीटरचा. भरून आणणाऱ्यांचा हा सोन्याचा क्षण. रोह्यापासून रेंज येत-जात असते, चालू इंटरनेटवर बघणारे वैतागलेले असतात, आणि करबुडेत गाडी शिरली की त्यांच्या पडद्यावर ते गोल गोल फिरायला लागतं. मेव्हणा तेव्हा मुद्दाम फोन जरा वर धरतो. डब्यात अंधार, आणि त्यात एकच उजळलेला चौकोन. शेजारचे, समोरचे, वरच्या बर्थवरचे असे सगळे झुकून बघायला लागतात.

"तुमचं कसं चालतंय हो?"

"भरून आणलंय," मेव्हणा म्हणतो. 'पोहे कुणी केले' याला उत्तर देताना सासूबाईंच्या आवाजात जी अदब येते, ती त्याच्या आवाजात असते.

अर्थात बोगद्यात गाडीचा आवाज एवढा असतो की कोरियन माणसं कोणत्या भाषेत बोलतायत हेही कळत नाही. पाचेक मिनिटांत बाहेर आलं की उजेड, भाताची खाचरं, धबधबे, आणि बहिणीचा दंडाला चिमटा, "अहो, बाहेर बघा जरा, सतरा वेळा मेलं तेच बघता." मग मांडवीचं खाणं सुरू होतं. या गाडीची ख्याती मुळात खाण्यासाठी. कटलेट, वडा, भजी, ऑम्लेट डब्याच्या एका टोकाने येतात आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत संपतात. एका हातात कटलेट, दुसऱ्यात सॉस, फोन धरायला हात नाही. तो मग भाचा घेतो.

हा भाचा पाच वर्षांचा आहे आणि या सगळ्या व्यवहारातला तोच एक खरा प्रेक्षक. त्याच्यासाठी कार्टूनचा एक भाग उतरवलेला असतो. एकच. दुसरा त्याला नको असतो. तो भाग तो पनवेलला लावतो, चिपळूणला पुन्हा लावतो आणि रत्नागिरी गेल्यावर पुन्हा, त्याच ठिकाणी, तेवढ्याच जोराने हसतो. हेडफोन त्याला चालत नाहीत. चिपळूणनंतर सगळ्या डब्याला त्यातले संवाद पाठ झालेले असतात आणि पलीकडचे एक गृहस्थ हत्ती चिखलात पडायच्या आधीच 'आता पडला' असं पुटपुटतात.

दुसरा खरा प्रेक्षक रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात भेटेल. पावसाळी बंदी ३१ जुलैला उठली की बोटी समुद्रात जातात, त्यावरचे कितीतरी खलाशी नेपाळचे. किनारा मागे पडला की रेंज संपते. जेट्टीवर बर्फ चढतो, डिझेल चढतं, आणि हे पोरगे भिंतीला टेकून फोन भरत असतात. तिथे निवड चालते ती बघण्यासारखी असते. मोठी फाइल कुठली असा विचार नसतो. कुठला सिनेमा पुन्हा बघवेल, याचा असतो. जाळं ओढून झाल्यावर चौघंजण एका फोनवर डोकी लावून बघणार, तर सगळ्यांना चालेल असं पाहिजे. मेव्हण्याला मी हे एकदा सांगितलं. त्याने गंभीरपणे विचारलं, "किती जीबीचा फोन असतो त्यांचा?"

नेटफ्लिक्सवर एका फोनमध्ये एका वेळी १०० गोष्टी ठेवता येतात. मेव्हण्याला ही मर्यादा जाचक वाटते.

गावच्या घरात रेंज नाही. ती देवळाच्या मागच्या बाजूला, चिऱ्याच्या गडग्यावर उभं राहिलं की येते, ढगाळ असेल तर तीही एका पायावर. गणपतीत तिथे संध्याकाळी जत्रा भरते. मुंबईची, पुण्याची, बडोद्याची मंडळी हात वर करून उभी. कुणी दुबईच्या मुलाला आरती दाखवतोय, कुणी ऑफिसला 'नेटवर्क नाही' असं कळवतोय. मेव्हणा छत्री घेऊन त्या गडग्यावर गेला तो परतीच्या प्रवासाचं भरायला. मुदत संपलेलं सगळं त्याने काढून टाकलं, न बघितल्याचं जराही वाईट न वाटता, आणि नवीन यादी लावली. एक सिनेमा नऊ टक्क्यांवर आला तेव्हा पाऊस सुरू झाला. अकरा टक्क्यांवर विजा चमकायला लागल्या. बहिणीने मला त्याला आणायला पाठवलं.

"चला, आरती खोळंबलीय."

"थांब रे, बारा होऊ दे."

"बारा टक्के सिनेमा घेऊन काय करणार?"

"असावा," तो म्हणाला.

आत्यांचे भाग मात्र शाबूत होते. त्या अ‍ॅपची मुदत लांब होती. चौथ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली, टीव्ही बंद, तेव्हा मेव्हण्याने मोठ्या ऐटीत फोन त्यांच्यासमोर तांब्याला टेकवून उभा केला आणि पहिला भाग लावला. आत्यांनी चष्मा लावला, सासू-सुनेचं पहिलं भांडण बघितलं आणि चष्मा काढून ठेवला.

"अरे, हा मी डोंबिवलीलाच बघितला की. ती पुढे पत्र लपवते."

"मग पुढचा लावू?"

"तोही बघितलाय. पाचही बघितलेत."

"मग काढून टाकतो. जागा तरी होईल."

"काढतोस कशाला?" आत्या म्हणाल्या. "असू दे."